मेसईदहून आणलेला निरोप

आमच्या दाजींना कतारमधल्या कंपनीने अडवून ठेवलेलं नाही. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही, बायकोपुढेसुद्धा नाही, आणि आता एकदम छापायलाच देतो आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. मेसईद नावाच्या गावात पोलादाच्या कारखान्यात ते क्रेन चालवतात. फेब्रुवारीत मी त्यांच्याकडे जाऊन आलो, आणि तेव्हापासून सगळ्या गल्लीचा असा समज झाला आहे की दाजींना घरी यायचंय पण कंपनी सोडत नाही. हा समज माझ्यामुळे झाला. कसा झाला ते ओघात येईलच.

गल्लीतल्या तालमीच्या फुटबॉलवाल्या पोरांनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा त्यांना अर्थातच दुसरं काही हवं होतं. यंदा वर्ल्डकप कतारला, आणि गल्लीत कतार बघून आलेला मी एकटा. तेव्हा काका, स्टेडियमवर लिहा, असा त्यांचा हुकूम. पण स्टेडियमं मी पाहिली दोन, तीही चालत्या गाडीच्या काचेतून. बाकी सगळा मुक्काम मेसईदला, आणि मेसईदला पर्यटक जात नाहीत. आपल्या कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत तरी कोण हौसेने फिरायला जातं? मी मात्र फौंड्रीवाला माणूस. लोखंड वितळण्याचा वास आला की मला घरी आल्यासारखं वाटतं. तेव्हा पोरांनो, स्टेडियम कमी आणि कारखाने जास्त, हे सोसून घ्या.

दोहा ते मेसईद

मला पाठवलं होतं आक्काने. दाजींचा करार मार्चमध्ये संपत होता. दर खेपेला संपतो आणि दर खेपेला नवा होतो. या वेळी घर बांधून झालंय, पोरीचं लग्न झालंय, आता तिथं राहायचं काही कारण नाही, असं आक्काचं म्हणणं. फोनवर विचारलं की दाजी ‘बघू’ म्हणतात. म्हणून तिने मला सांगितलं, तू जा, समोर बसून विचार, आणि घेऊनच ये. सोबत कांदा-लसूण चटणीचा डबा दिला. डबा कसला, बरणीच ती, वर तीन पिशव्या गुंडाळलेल्या.

दोह्याच्या विमानतळावर त्या बरणीने माझी पहिली परीक्षा घेतली. तपासणीच्या अधिकाऱ्याने पिशव्या सोडल्या, झाकण उघडलं आणि माणूस फुलाचा वास घेतो तसं नाक जवळ नेलं. मी ‘नको, नको’ म्हणेपर्यंत उशीर झाला होता. त्याला शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. शेजारचा अधिकारी आधी घाबरला, मग हसायला लागला. डोळ्यांतलं पाणी पुसत पहिल्याने झाकण लावलं आणि हाताने मला पुढे हाकलत म्हणाला, ‘यल्ला, यल्ला.’ म्हणजे चला, चला. हा मला कळलेला पहिला अरबी शब्द.

बाहेर देवरे घ्यायला आले होते. देवरे नाशिकचे, दाजींच्याच कारखान्यात इंजिनियर. दाजी राहतात तिथे पाहुण्याला उतरायला परवानगी नसते, म्हणून माझा मुक्काम देवऱ्यांच्या घरी होता. गाडीत बसल्यावर ते म्हणाले, ‘दत्ताभाईंची आज ड्यूटी आहे. तुमच्यासाठी त्यांनी उद्यापासून रजा टाकली आहे.’

मी विचारलं, ‘कोण दत्ताभाई?’

देवऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या लक्षात आलं, आणि लाज वाटली. दाजींचं नाव दत्तात्रय आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण दाजी आमचे घरजावई. आमच्या घरात ते माझे दाजी म्हणून आले, आणि मग पोरांचे, शेजाऱ्यांचे, किराणावाल्याचे, सगळ्या गल्लीचेच दाजी झाले. त्यांच्यापेक्षा वयाने मोठी माणसंही त्यांना दाजीच म्हणत. दाजी, जरा पाव आणा. दाजी, गाडी तेवढी सर्व्हिसिंगला टाकून या. यातली निम्मी कामं मीच सांगितलेली असायची. नाव घेऊन कुणी हाक मारल्याचं मला आठवत नव्हतं.

विमानतळाजवळच अल थुमामाचं स्टेडियम दिसलं. पांढरं, गोल, वरून जाळीचं नक्षीकाम केल्यासारखं. मी म्हटलं, अगदी टोपी ठेवल्यासारखं दिसतंय. मागच्या सीटवरून देवऱ्यांच्या मुलीने, ईशाने, ती टोपीच आहे, अरब मुलं डोक्याला घालतात ती, असं मला इंग्रजीत समजावलं. पुढे आठवडाभर आमचं असंच चाललं. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत सांगायची, आणि दोघांनाही सगळं कळायचं. पुढे अल वकराला दुसरं स्टेडियम लागलं, होडी उलटी घातल्यासारखं. बाकी रस्ताभर नारिंगी पिंपं, खोदकाम आणि वळणं. काल ज्या रस्त्याने आलो तो आज बंद असतो, असं देवरे सांगत होते. वर्ल्डकपपर्यंत सगळं होईल, इन्शाल्ला. हा शब्द ते अशा सुरात म्हणाले की मला आपला कंत्राटदार आठवला.

नदी नसलेलं गाव

मेसईदचं जुनं नाव उम्म सईद. जुनी माणसं अजून तेच म्हणतात. एका बाजूला समुद्र, उरलेल्या बाजूंना वाळू, आणि मधे कारखाने: खत, पोलाद, ॲल्युमिनियम, तेलशुद्धी, प्लॅस्टिकचे दाणे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी नळच नळ. काही इतके जाड की आत माणूस वाकून चालेल. उंच चिमण्यांच्या टोकाला दिवसाढवळ्या ज्योती जळत असतात. आपल्याकडे एवढा जाळ दिसला तर गल्ली गोळा होईल. तिथे मान वर करून कोणी बघत नाही. धूर मात्र मला वाटला होता त्यापेक्षा पुष्कळ कमी. वारा फिरला की खताच्या कारखान्याकडून नाकाला झोंबणारा वास येतो. मग देवऱ्यांच्या सुनीतावहिनी बोलता बोलता उठतात, खिडकी लावतात, आणि वाक्य जिथे सोडलं तिथून पुढे सुरू करतात.

गाव दोन आहेत. एक इंजिनियर लोकांचं. बुटकी, एकसारखी घरं, बोगनवेली, पाणी घालून जगवलेली हिरवळ, आणि त्या हिरवळीवर भांडणाऱ्या साळुंक्या. साळुंक्या बघून मला उगाचच बरं वाटलं. दुसरं गाव कामगारांचं. लांबच लांब इमारती, प्रत्येक कठड्यावर वाळत घातलेले निळे डगले, खाली मल्याळी माणसाचं चहाचं दुकान. तिथला करक चहा म्हणजे उकळून उकळून जवळजवळ बासुंदीवर आलेला प्रकार. सोबत पराठ्यात अंडं गुंडाळून देतात. मी रोज दोन खाल्ले.

पहिल्या दिवशी मी देवऱ्यांना विचारलं, इथली नदी कुठे आहे? कारखान्याचं गाव म्हटलं की नदी असणार असं माझ्या डोक्यात. आपल्याकडे पंचगंगेशिवाय काही होतं का? साखर, सूत, लोखंड, सगळं तिच्याच जिवावर. पोहणं, धुणं, शेवटची राखही तिच्यातच. देवरे म्हणाले, नदी या देशातच नाही. प्यायचं पाणी समुद्राचं, मीठ काढून केलेलं. मी म्हटलं, मग पुराचीही भीती नाही. यावर ते हसले, पण मला ते गाव थोडं अधांतरी वाटलं. एखाद्या गावाला घाटच नसेल तर माणसं उभी राहून बोलतात कुठे?

त्याचं उत्तर संध्याकाळी मिळालं. शिफ्ट सुटली आणि मोठ्या रस्त्यावर बसगाड्या आल्या. पांढऱ्या, एकामागे एक, संपेचनात. प्रत्येक खिडकीत एक झोपलेलं डोकं. नेपाळी, बंगाली, तमिळ, फिलिपिनो, आफ्रिकेतली माणसं. ती थांब्यावर उतरत होती, आणि उतरल्या उतरल्या चहाच्या दुकानापुढे उभी राहून बोलत होती. त्यातून एक टोपीवाला माणूस माझ्याकडे चालत आला. मला आधी ओळखूच आला नाही. आमचे दाजी खांदे पाडून चालतात. हा माणूस हात हलवत, डावीउजवीकडे कुणाकुणाला उत्तर देत येत होता. चहावाल्याने आतून हाक मारली, ‘दत्तेट्टा!’ थोरल्या भावाला ते तसं म्हणतात. नेपाळी पोरं ‘दत्ता दाइ’ म्हणत होती. दाजींनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, ‘या पाव्हणं. हितं तुम्हीच पाव्हणं.’

मटण

मधल्या दिवसांत आम्ही खूप भटकलो आणि मी पुष्कळ वेडेपणा केला. एका मॉलच्या दारात फोनवर हिरवा शिक्का दाखवल्याशिवाय आत सोडत नव्हते. कोरोनाचे नियम अजून होते. माझा फोन काही हिरवा होईना. शेवटी दाजी आणि वहिनी आत गेले आणि मी ढकलगाड्यांच्या रांगेशेजारी त्यांच्यातलाच एक होऊन उभा राहिलो. दोन बायकांनी माझ्याकडे रिकाम्या गाड्या आणून दिल्या. मी त्या नीट लावून ठेवल्या.

कारखान्यात बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत. मी फाटकापर्यंत जाऊन आलो. शेडचं दार मोठं होतं, लांबून लाल उजेड दिसला, आणि तो वास आला. दाजींनी हाताने दाखवलं, त्या शेडच्या छतालगत त्यांची केबिन. दिवसभर वर एकटे, आणि खाली वितळलेल्या लोखंडाचं भांडं, ज्याला धक्का लागून चालत नाही. मी विचारलं, वर कंटाळा येत नाही? तर म्हणाले की वरनं सगळं दिसतं आणि कुणी कामाला पाठवत नाही. हे त्यांनी हसत म्हटलं. मीही हसलो, पण जरा उशिरा.

गुरुवारी दाजींनी देवऱ्यांच्या स्वयंपाकघरात तांबडा-पांढरा रस्सा केला. तिकडे शुक्रवारची सुट्टी, त्यामुळे गुरुवारची संध्याकाळ म्हणजे आपला शनिवार. मटणाच्या दुकानात तीन देशांचं मटण तीन वेगवेगळ्या दरांनी टांगलेलं असतं. दाजींनी खाटकाशी हिंदी, अरबी आणि हातवारे यांत बराच वाद घालून मांडीचा तुकडा निवडला. आमच्या घरी दाजी कधी चुलीजवळ गेलेले मी पाहिले नाहीत. जेवायला बसले तरी दाराजवळची जागा, म्हणजे कुणाला काही हवं असलं तर उठायला सोपं. इथे ते मधे बसले होते आणि देवरे वाढत होते. तिथल्या केरळच्या फुटबॉल संघातले दोघे मल्याळी पाहुणे होते. पांढऱ्या रश्श्यात नारळ आहे म्हटल्यावर त्यांनी तो आपलाच मानला. तांबड्याचा पहिला घोट घेतल्यावर मात्र त्यांच्यातला एक बराच वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला. मग त्याने पुन्हा वाटी पुढे केली. आक्काची चटणी त्या रात्रीतच निम्मी संपली.

शुक्रवारचं मैदान

आता पोरांनो, फुटबॉल. मैदान म्हणजे दगड वेचून काढलेली वाळू आणि चुन्याच्या रेघा, त्याही वाऱ्याने अर्ध्या पुसलेल्या. उन्हं चढायच्या आत सामने आटपतात. कोल्हापूर नावाचा संघ आहे तिथे, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. त्यात कोल्हापूरचे दोघे, सांगलीचा एक, बाकी सगळं नेपाळ आणि एक घानाचा उंच पोऱ्या, ज्याला ‘हाण की’ एवढं मराठी येतं. संघ दाजींनी उभा केलेला. पण सामन्यात ते आपल्या पोरांच्या बाजूला उभे नव्हते. गळ्यात शिट्टी घालून ते मधोमध पंच म्हणून उभे होते. केरळच्या संघाला पंच म्हणून तेच हवे असतात, असं देवऱ्यांनी सांगितलं. मला हसू आलं. आपल्या इथे दुसऱ्या तालमीचा माणूस पंच म्हणून कोण घेईल?

मला त्यांनी रेघेवर झेंडा देऊन उभं केलं. मी आयुष्यभर मैदानाच्या कठड्यावर बसून पंचांना शिव्या दिलेल्या, तेव्हा नियम मला तोंडपाठ. सामना बरोबरीत चालला होता. शेवटाकडे केरळचा एक बुटका पोरगा आमच्या बचावाच्या मधून सुटला आणि त्याने चेंडू जाळ्यात मारला. जाळं म्हणजे मासेमारीचं जुनं जाळं. तो ऑफसाइड नव्हता. मला स्पष्ट दिसलं होतं, आमचा सांगलीवाला त्याच्या पुढे होता. तरी माझा हात वर गेला. मी ठरवून केलं नाही. निळे-पांढरे पट्टे हरणार असं दिसलं आणि झेंडा उभा राहिला.

केरळची माणसं ओरडायला लागली. दाजी धावत माझ्यापर्यंत आले. मला वाटलं, आपला माणूस, डोळा मारतील. ते अगदी जवळ येऊन, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, ‘झेंडा खाली घ्या विलासराव. गोल हाय तो.’

मी झेंडा खाली घेतला. गोल दिला गेला, आम्ही हरलो, आणि सामना संपल्यावर दोन्ही संघ एकाच टपरीवर चहा प्यायला गेले. मला कुणी काही बोललं नाही. तो घानाचा पोऱ्या तेवढा माझ्याकडे बघून ‘हाण की’ म्हणाला, आणि सगळे हसले.

सीलाइनची वाळू

मेसईदच्या पुढे रस्ता संपतो आणि सीलाइनचे डोंगर सुरू होतात. डोंगर वाळूचे, आणि त्यांचा पायथा थेट समुद्रात. असं मी कधी पाहिलं नव्हतं. उंट, चार चाकांच्या फटफट्या, घसरगुंडी खेळणारी पोरं. शनिवारी दुपार कलल्यावर देवऱ्यांनी आम्हाला नेलं. ईशाने मला फळीवर बसवून वरून ढकललं, आणि मी खाली पोचलो तेव्हा माझा एक बूट वाटेत राहिला होता. तो शोधायला तिघं लागली.

देवरे मंडळी पाण्याकडे गेली. मी आणि दाजी उतारावर बसलो. मी सवयीने मूठभर वाळू उचलली आणि दाबली. फौंड्रीत ओतकामाच्या साच्याची वाळू आम्ही अशीच बघतो: मूठ उघडली की बोटांचे ठसे राहिले पाहिजेत. ही वाळू मूठ उघडायच्या आत बोटांमधून निघून गेली.

‘न्हाई चालत,’ दाजी म्हणाले. ‘मी आल्या आल्या बघितलं होतं. एवढी वाळू, आणि एक साचा व्हायचा नाही.’

आम्ही दोघे हसलो. तेव्हाच विचारायला हवं असं मला वाटलं, कारण आता नाही तर विमानतळावर, आणि तिथे धीर झाला नसता. मी करार संपत आल्याचं काढलं. आक्का वाट बघते म्हणालो. दाजींनी पायावरची वाळू झटकली. मग त्यांनी सांगितलं की नव्या करारावर त्यांनी महिन्यापूर्वीच सही केली आहे, वर्षअखेरपर्यंतच्या.

मी विचारलं, आक्काला का सांगितलं नाही? ते म्हणाले की फोनवर त्या दोघांचं ठरलेलं बोलणं असतं. टाकी भरली का, गुडघा कसा आहे, पोरगी येऊन गेली का. त्यात हे कुठं घालायचं ते त्यांना कळलं नाही.

‘तुम्ही समोर बसून सांगा,’ दाजी म्हणाले. ‘म्हणावं, मला कुणी थांबवलं न्हाई. मीच थांबलोय. वर्ल्डकप हितं हुतोय आणि मी तो हितं बघणार. इतकी वर्षं घरासाठी ऱ्हायलो, त्याची तक्रार न्हाई. हे वरचं वर्ष माझं.’

मी मान हलवली. मला वाटलं एवढंच. पण ते थांबले नव्हते.

‘आणि तिलाबी बोलवा. नोव्हेंबरात. देवऱ्यांच्या वहिनींना मी इचारलंय, खोली हाय. तिकिटाच्या सोडतीत दोघांची नावं घातलीयत, लागली तर लागली.’

मी म्हटलं, ‘आक्का? फुटबॉलला?’

दाजी वाळूत बोटाने रेघ ओढत होते. ‘लग्न झालं त्या साली तिनं इचारलं हुतं, मैदानात काय असतं, मला न्या एकदा. मी म्हटलं, बायका येत न्हाईत तिकडं. तुमच्या वडलांना काय वाटंल म्हणून म्हटलं. पुन्हा तिनं इचारलं न्हाई.’ मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘मी सांगितलं तसंच सांगा. तुमचं काही घालू नका.’

मी ‘सांगतो’ म्हटलं. सूर्य कारखान्यांच्या मागे गेला, चिमण्यांवरच्या ज्योती ठळक झाल्या, आणि देवरे खालून ‘यल्ला’ म्हणून हाका मारायला लागले.

घरी

येताना सोबत खजूर, सुनीतावहिनींनी आक्कासाठी दिलेलं केशर, आणि तो निरोप. विमानात मी तो मनात दोन-तीनदा म्हणून पाहिला. नीट येत होता.

आक्काने दार उघडलं आणि माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. दाजी रिक्षाचं भाडं देत असतील असं तिला वाटलं असणार. आत त्यांच्या कॉटवरची गादी नव्याने पिंजून घेतलेली होती. वर नवी खोळ होती, तिच्यावरची घडीची रेषही मोडलेली नव्हती. आक्काने मला पाणी दिलं. मी प्यायलो. ती समोर बसली आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, ‘यायचं न्हाई म्हणाले ना?’

मी रिकामा पेला खाली ठेवला.

‘मला ठाऊक हाय विलास. या घरात त्यांना कधी घरासारखं वाटलंच न्हाई. आपण वाटू दिलं न्हाई. मग ते कशाला येतील?’

हे ती रडत वगैरे म्हणाली नाही. भाव विचारून आल्यासारखं म्हणाली, आणि म्हणूनच मला ते सोसलं नाही. माझ्या तोंडून निघालं, ‘छे, भलतंच काय? त्यांना यायचंय की. कंपनी सोडत नाही.’

आक्काच्या तोंडावर जे आलं ते मी तिच्या पोरीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. ‘म्हणजे यायचंय त्यांना?’ तिने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हणालो. मग तिने पानं घेतली आणि माझ्याबरोबर पोटभर जेवली. निरोपाचा दुसरा भाग सांगायचा तर पहिला भाग मोडावा लागला असता. म्हणून तोही राहिला.

एकदा उभं केल्यावर ते टेकू देत राहावं लागलं. दाजींचा फोन आला की ही काहीतरी विचारेल म्हणून मी सांगितलं, फोनवर तो विषय काढू नकोस, तिकडे ऐकतात. ती काढत नाही. टाकी भरली का, गुडघा कसा आहे, एवढंच. पण आता ते एवढंच ती इतक्या मायेने विचारते की दाजींनी मला फोन करून आक्काला बरं आहे ना, असं विचारलं. त्याच फोनवर त्यांनी नोव्हेंबराचं विचारलं. काय म्हणाली? मी म्हणालो, विचार करते म्हणाली. त्यानंतर त्यांनी पुन्हा विचारलेलं नाही. एकदा विचारून उत्तर आलं नाही की पुन्हा विचारायचं नाही, यात ती दोघं अगदी सारखी आहेत.

आक्का या महिन्यांत दहा वर्षांनी लहान दिसते आहे. यायचंय पण येता येत नाही अशा नवऱ्याची बायको म्हणून ती गल्लीत ताठ मानेने फिरते. बाजारात बायका तिला थांबवून दाजींची चौकशी करतात. ज्यांनी दाजींना जन्मभर पाव आणायला पिटाळलं, ते आता चौकात उभे राहून, केवढा सोशीक माणूस, असं एकमेकांना सांगतात. तालमीच्या पोरांनी तर दाजींना सोडवा म्हणून मोर्चा काढायचं मनावर घेतलं होतं. पावसाने तो राहिला. पण आता आक्काने आमदारांची वेळ घेतली आहे. सोमवारी जायचं, कंपनीविरुद्ध तक्रार द्यायची, दिल्लीपर्यंत न्यायची. तू डोळ्यांनी बघून आलायस, तूच नीट सांगशील, असं तिने मला बजावलं आहे. ती तक्रार खरंच कुठे पोचली तर तिकडे दाजींची नोकरी जाईल, आणि तीही त्यांनी स्वतःसाठी म्हणून मागून घेतलेल्या एकुलत्या एक वर्षात.

म्हणून हा लेख. पोरांना स्टेडियम हवं होतं आणि मी त्यांना हे दिलं. हस्तलिखित आज छापखान्यात जाईल, रविवारी अंक घरोघरी येईल, आणि आक्काच्या शेजारणी तो आक्काच्या आधी वाचतील. त्याच्या आत मला तिच्यासमोर बसायला हवं. दाजी स्वतःच्या मनाने थांबलेत, हे ऐकताना तिच्या तोंडावर जे येईल ते मला बघावं लागेल. ते बघूनही मला उठून जायचं नाही, कारण त्याच्या पुढचं वाक्य राहील.

नोव्हेंबरात तू ये, असं दाजींनी आक्काला सांगितलं आहे. ते बोलावणं फेब्रुवारीपासून माझ्यापाशी आहे, आणि तिला ते देणं मी अजून लागतो.